संगणकास चिठ्ठ्या टाकतां येतात काय ?

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गाची सहल नारायणगांवाजवळील खोडद येथील रेडिओ-दुर्बीण पाहावयास न्यावयाची होती. वर्गांत विद्यार्थी ४७ आणि गाडींत शिक्षकांखेरीज जागा १२. गुणानुक्रमानें निवडावें तर दरवेळीं जीं मुलें जातात तींच पुनः जाणार. ज्यानें आधीं नांव दिलें त्यास न्यावें तर शाळेजवळ राहणाऱ्यांचें फावणार, आणि एस्. टी. नें येणाऱ्या मुलांच्या वांट्यास कांहींच येणार नाहीं. तेव्हां चिठ्ठ्या टाकाव्या असें ठरलें. डब्यांत चिठ्ठ्या घालून एखाद्या लहान मुलाकडून त्या काढवावयाच्या, ही आपल्याकडील जुनी रीत आहे व ती मुळींच वाईट नाहीं. परंतु त्याच सुमारास मीं हास्केल नांवाची संगणकभाषा शिकावयास घेतली होती. आणि नवशिक्यास जी एक हौस असते तिच्या भरांत मीं म्हटलें कीं, या खेपेस चिठ्ठ्या यंत्राकडून काढवूं.

शनिवारीं शाळा सुटण्यापूर्वीं सर्व वर्गासमक्ष संगणक चालविला. पहिलें नांव आलें, टाळ्या झाल्या. दुसरें नांव आलें, तें तेंच. तिसरेंही तेंच. बाराही वेळां एकाच विद्यार्थ्याचें नांव पडद्यावर उमटलें. वर्ग पोट धरून हंसला. परंतु मागच्या बाकावरून कोणी हळूच म्हणालें, "सरांनी आधीच ठरवलेलं दिसतंय." तें वाक्य मला लागलें. तथापि घरीं जाऊन विचार केला तेव्हां ध्यानांत आलें कीं, एका अर्थीं तें खरेंच होतें. कोणत्या अर्थीं, तें समजावून देण्यासाठीं हा लेख लिहीत आहें. पालकांसही तो वाचण्यासारखा वाटेल. कारण आजकाल पुष्कळ ठिकाणीं सोडती यंत्रावर निघतात आणि आपण त्या मुकाट्यानें मान्य करतों.

विद्यार्थिमित्रहो, बीजगणितांत तुम्ही पहिल्याच आठवड्यांत एक गोष्ट शिकतां. क्ष म्हणजे किती तें ठाऊक नसलें तरी क्ष वजा क्ष बरोबर शून्य, याविषयीं कोणास शंका येत नाहीं. एका उदाहरणांत क्ष ची किंमत एकच. ओळीच्या आरंभीं ती ५ आणि अखेरीस ७ झाली, असें कधीं घडत नाहीं. या एका विश्वासावर सारें बीजगणित उभें आहे. तसेंच गणितांत ज्यास फल म्हणतात व संगणकवाले ज्यास फंक्शन म्हणतात, त्याचेंही. वर्ग काढण्याच्या फंक्शनास ४ दिले तर १६ मिळतात; सोमवारींही १६ आणि शनिवारींही १६. जें दिलें त्यावरच उत्तर अवलंबून, दुसऱ्या कशावरही नाहीं.

हास्केल भाषा हा नियम अक्षरशः पाळते. १९८७ सालीं अमेरिकेंत पोर्टलंड येथील परिषदेंत जमलेल्या विद्वानांनीं अशी एक सामाईक भाषा करावयाचें ठरविलें, व १९९० सालीं तिची पहिली व्याख्या प्रसिद्ध झाली. हास्केल ब्रूक्स करी (१९००–१९८२) या तर्कशास्त्रज्ञाच्या नांवावरून तिचें नांव ठेविलें आहे. फंक्शनें रचून सर्व काम करावयाचें, म्हणून अशा भाषांस फंक्शनल भाषा म्हणतात. हिच्यांत लिहिलेल्या आज्ञावलींत एखादें अक्षर दोन ठिकाणीं आलें, तर दोन्ही ठिकाणीं त्याची किंमत एकच, अशी हमी असते. शिकविणाऱ्यास ही भाषा प्रिय वाटावी यांत नवल नाहीं. फळ्यावरचें गणित आणि पडद्यावरची आज्ञावली यांच्यांत फारसें अंतर राहत नाहीं.

आतां या भाषेंत फांसा टाकून पाहा. "१ ते ६ यांमधील एखादी संख्या दे," असें एक फंक्शन लिहावयाचें आहे. त्यास आपण काय दिलें ? १ आणि ६. पुनः विचारलें तेव्हां काय दिलें ? तेच १ आणि ६. दिलें तें तेंच, म्हणून उत्तरही तेंच. पहिल्यांदा ४ पडले असतील तर जन्मभर ४ च पडणार ! असला फांसा घेऊन सारीपाटावर कोण बसेल ?

इतर भाषांत ही अडचण कशी दिसत नाहीं, असें कोणी विचारील. पायथन भाषेंत यादृच्छिक संख्या, म्हणजे जिचा आधीं अंदाज बांधतां येत नाहीं व जिच्यांत कोणत्याही अंकास दुसऱ्यापेक्षां अधिक मान नाहीं अशी संख्या, एका शब्दांत मागतां येते. दोनदां मागितली तर बहुधा दोन निराळ्या संख्या मिळतात. तेथें क्ष वजा क्ष शून्य होईलच असें नाहीं. यांत जादू नाहीं. त्या भाषेनें पडद्याआड एक वही ठेविलेली असते. प्रत्येक वेळीं संख्या दिली कीं वहींतील नोंद ती गुपचूप बदलते, म्हणून पुढचें उत्तर निराळें येतें. हास्केलमध्यें साध्या फंक्शनास अशी गुप्त वही ठेवण्याची परवानगी नाहीं. वही हवी असेल तर ती उघड हातांत धरून दुसऱ्याच्या हातीं द्यावी लागते.

या वहींत लिहिलेलें तरी काय असतें, हें पाहिल्याशिवाय पुढें जातां येणार नाहीं. यंत्रें येण्यापूर्वीं अशा संख्यांचीं कोष्टकें छापीत. एल्. एच्. सी. टिपेट यांनीं १९२७ सालीं जनगणनेच्या अहवालांतील आंकड्यांतून ४१,६०० अंकांचें कोष्टक तयार केलें. १९५५ सालीं अमेरिकेंतील रँड कॉर्पोरेशननें दहा लक्ष अंकांचें पुस्तकच काढलें. परंतु यंत्र आलें तेव्हां पुस्तक चाळीत बसण्यापेक्षां संख्या गणितानेंच निर्माण करावी, असा विचार निघाला. जॉन फॉन नॉयमन यांनीं १९४६ च्या सुमारास एक रीत सुचविली. चार अंकी संख्या घ्या, तिचा वर्ग करा, वर्ग आठ अंकी मानून त्यांतील मधले चार अंक उचला. तीच पुढची संख्या. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६, म्हणून पुढची संख्या ५२२७, तिच्या वर्गांतून ३२१५, तिच्यांतून ३३६२. दिसावयास फार मनोहर. परंतु ३७९२ घेऊन पाहा. वर्ग १४३७९२६४, मधले अंक पुनः ३७९२ च! गाडी एकदां या स्थानकावर आली कीं पुढें हलत नाहीं. अंकगणितानें यादृच्छिक संख्या काढूं पाहणाऱ्यांची गणना नॉयमन यांनीं स्वतःच थट्टेनें पाप्यांत केली आहे. प्रार्थनेच्या वेळीं ऐकावयाचा हा शब्द गणिताच्या तासास भेटल्यामुळें आमच्या वर्गास मोठी गंमत वाटली.

याहून टिकाऊ रीत डी. एच्. लेमर यांनीं १९४९ सालीं मांडली. मागील संख्येस एका ठराविक संख्येनें गुणावें, दुसऱ्या ठराविक संख्येनें भागावें आणि बाकी राहील ती घ्यावी; पुढें इतरांनीं तींत एका बेरजेची भर घातली. तुम्हांस पाटीवर करतां यावें म्हणून मीं तिचें एक लहान रूप केलें आहे. दोन अंकी संख्या घ्या, तिला २१ नीं गुणा, १७ मिळवा, आणि उत्तराचे शेवटचे दोन अंक तेवढे ठेवा. ८ पासून आरंभ करूं. ८ गुणिले २१ म्हणजे १६८, अधिक १७ म्हणजे १८५, ठेवले ८५. त्यावरून १८०२, ठेवले ०२. त्यावरून ५९, मग ५६, ९३, ७०, ८७, ४४, ४१, ७८, ५५. कोणास दाखविल्या तर या संख्या मनांत येतील तशा लिहिल्या आहेत असें तो म्हणेल. अशा रीतीनें ०० पासून ९९ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदां येऊन, शंभर पावलांनीं पुनः ८ येतात. ज्या संख्येपासून आरंभ केला तिला बीज म्हणतात. बीज तेंच तर सारी मालिका तीच. एकही अंक इकडचा तिकडे होणार नाहीं.

मात्र एक गोष्ट वर्गांतील एका मुलीनें दाखवून दिली, ती मला अगोदर दिसली नव्हती. एकंचे अंक तेवढे ओळीनें वाचा : ८, ५, २, ९, ६, ३, ०, ७, ४, १, ८, ५. प्रत्येक वेळीं ७ मिळवावे आणि दहा झाले कीं सोडून द्यावे, एवढेंच त्यांत आहे ! दहा पावलांनीं एकंचा अंक परत फिरतो. म्हणजे या मालिकेवरून "सम आला तर मुलगे, विषम आला तर मुली," असा कौल घेतला, तर तो आळीपाळीनेंच पडेल. संख्या विस्कळीत दिसणें निराळें आणि ती खरोखर निःपक्षपाती असणें निराळें. मोठमोठ्या कारखान्यांच्या यंत्रांतही अशा उणिवा निघाल्या आहेत. आय्. बी. एम्. च्या यंत्रांवर एके काळीं सर्रास वापरली जाणारी रँडू नांवाची रीत इतकी सदोष होती कीं, तिच्या लागोपाठच्या तीन तीन संख्या घेऊन अवकाशांत बिंदु मांडले तर ते सारे अवघ्या १५ समांतर पातळ्यांवर बसत. कितीएक वर्षें लोकांनीं तिच्या आधारानें हिशेब केले होते.

आतां हास्केलकडे परत येऊं. या भाषेंत यादृच्छिक संख्यांसाठीं 'रँडम' नांवाचा एक संच वेगळा मिळतो. त्यांत बीजावरून एक वस्तु तयार करून घेतां येते. तिला आपण जनक म्हणूं. जनक म्हणजे तीच मघांची वही, परंतु उघडी. त्या संचांतील 'रँडम-आर' नांवाच्या फंक्शनास दोन गोष्टी द्याव्या लागतात : कोठपासून कोठपर्यंत संख्या हवी ती मर्यादा, आणि जनक. तें परत देतें, तेंही दोन गोष्टींची जोडी : एक संख्या, आणि एक नवा जनक. नवशिका येथेंच घसरतो. त्यास संख्या हवी असते. ती तो उचलतो, आणि नवा जनक ही कांहीं तरी अडगळ आहे असें समजून टाकून देतो. पुढील संख्येसाठीं तो पुनः जुनाच जनक देतो. जें दिलें तें तेंच; म्हणून संख्याही तीच.

मीं नेमकें हेंच केलें होतें. बाराही वेळां तोच जनक दिला आणि बाराही वेळां एकाच मुलाचें नांव आलें. भाषेनें मला फसविलें नव्हतें. तिनें नवा जनक माझ्या हातांत ठेविला होता, मीं तो घेतला नाहीं इतकेंच. दुसऱ्या एखाद्या भाषेंत ही चूक माझ्या हातून झालीच नसती हें खरें. परंतु आंतील वही कशी चालते हेंही मला कधीं कळलें नसतें.

दुरुस्ती अवघड नाहीं. पहिल्या खेपेचा नवा जनक दुसऱ्या खेपेस द्यावयाचा, दुसऱ्याचा तिसऱ्यास, अशी सांखळी करावयाची. चिठ्ठ्यांच्या कामांत आणखी एक वस्तु बरोबर न्यावी लागते, ती उरलेल्या मुलांची यादी. कारण निवडलेल्या मुलाची चिठ्ठी डब्यांत परत टाकावयाची नसते. म्हणून माझें नवें फंक्शन असें झालें : त्यास यादी, जनक, आणि किती नांवें काढावयाचीं ती संख्या द्यावी. काढावयाचीं नांवें शून्य असतील तर काम संपलें. नसतील तर यादींत जितकीं नांवें उरलीं असतील तितक्यांपर्यंतची एक संख्या काढावी, त्या क्रमांकाचें नांव बाजूस ठेवावें, यादींतून तें वगळावें, आणि लहान झालेली यादी, नवा जनक व एकानें कमी झालेली संख्या घेऊन तेंच फंक्शन पुनः बोलवावें. पहिल्या खेपेस मर्यादा ४७, मग ४६, मग ४५, याप्रमाणें बाराव्या खेपेस ३६. आज्ञावली माझ्या वहींत जेमतेम आठ ओळींची झाली, आणि तींत कांहींही गुपचूप बदलत नाहीं.

येथें आणखी एक खड्डा आहे, आणि तो न्यायाच्या दृष्टीनें पहिल्यापेक्षां वाईट, कारण तो कोणास दिसत नाहीं. 'रँडम-आर' नीट समजण्यापूर्वीं मीं वहीवर माझ्या पाटीवरच्या रीतीनें चिठ्ठ्या काढून पाहत होतों. ०० ते ९९ पैकीं संख्या येणार आणि मुलें ४७. तेव्हां संख्येस ४७ नीं भागून बाकी राहील त्या क्रमांकाचें मूल निवडावें, असें सहज सुचतें. आतां मोजा. शंभरांत ४७ दोनदां जाऊन ६ उरतात. म्हणजे ज्यांचे क्रमांक ० ते ५ आहेत त्या सहा मुलांस शंभरांत तीन तीन संधी, आणि बाकीच्या ४१ मुलांस दोन दोन. हजेरीपटावर नांव वर असल्याबद्दल दीडपट दैव ! उपाय साधा आहे : ९४ पासून ९९ पर्यंत संख्या आली तर ती टाकून द्यावी आणि पुढची घ्यावी, मग प्रत्येकास दोनच संधी राहतात. मूळ संख्या प्रचंड असेल तर हा फरक नगण्य होतो, पण तत्त्वतः तो राहतोच. 'रँडम' संचाच्या २०२० पासूनच्या आवृत्तींत टाकून पुनः घेण्याची ही काळजी आंतल्या आंत घेतलेली आहे. आपण मर्यादा सांगावी आणि बाकीच्या भानगडींत पडूं नये, हें उत्तम.

आतां उरला बीजाचा प्रश्न. आज्ञावलींतच बीज लिहून ठेविलें तर चिठ्ठ्या आज काढा कीं उद्यां काढा, तींच बारा नांवें येणार. मग मागच्या बाकावरचा शेरा पूर्णपणें खरा ठरतो. कारण निरनिराळीं बीजें घालून पाहावीं, मनासारखी यादी निघाली कीं तें बीज आज्ञावलींत लिहावें, आणि वर्गासमक्ष साळसूदपणें यंत्र चालवावें, एवढें कोणालाही करतां येईल. असें कोणी करतो असें मी म्हणत नाहीं. परंतु पाहणारास तें ओळखतां येत नाहीं, हें पुरेसें आहे.

बीज यंत्राच्या घड्याळावरून किंवा त्याच्या आंत सतत बदलणाऱ्या इतर गोष्टींवरून घेतां येतें. पण घड्याळ पाहणें हें फंक्शन नव्हे. दहा वाजतां पाहिलें तर एक उत्तर, अकरा वाजतां दुसरें. मग हास्केलचा नियम कोठें राहिला ? येथें भाषेनें मोठी युक्ति केली आहे. बाहेरच्या जगाकडे पाहणाऱ्या प्रत्येक क्रियेवर ती 'आय्-ओ' असा शिक्का मारते. शिक्का नसलेलें फंक्शन दिल्यापलीकडे कशाकडेही पाहत नाहीं याची खात्री. आणि शिक्का असलेली क्रिया पाहिली कीं वाचणारास कळतें, येथें जगाचा वारा आंत येतो. शिक्का लपवितां येत नाहीं, कारण भाषा स्वतः तो तपासते. म्हणून दार एकच ठेवावें, त्यांतून बीज आंत घ्यावें, आणि पुढील सर्व काम शुद्ध फंक्शनांवर सोंपवावें, अशी शहाण्यांची रीत आहे. नवशिक्यांसाठीं एवढेंच सांगतों कीं, 'गेट-स्टडजेन' ही क्रिया सामाईक जनक नुसता दाखविते, तो पुढें सरकवीत नाहीं. म्हणून ती लागोपाठ दोनदां केली तर तोच जनक दोनदां हातीं येतो व माझ्या शनिवारची पुनरावृत्ति होते. 'न्यू-स्टडजेन' केलें असतां जनकाचे दोन भाग होऊन एक आपणांस मिळतो व दुसरा मागें राहतो. असे भाग पाडले असतां दोन्ही मालिका एकमेकींची नक्कल करूं नयेत, हें काम कठीण असतें; स्टील, ली व फ्लड यांनीं २०१४ सालीं त्यासाठीं स्प्लिटमिक्स नांवाची रीत प्रसिद्ध केली, आणि २०२० सालीं हास्केलच्या संचानें तीच स्वीकारली. यांपैकीं कोणतीही रीत गुप्त किल्ल्या किंवा पासवर्ड करण्यासाठीं वापरूं नये. त्यास निराळीं साधनें आहेत.

परंतु घड्याळावरचें बीज आमच्या कामाचें नव्हतें. तें कोणासच आधीं ठाऊक नसतें हें बरें. पण मागाहूनही कोणास तपासतां येत नाहीं. आम्हांस दोन्ही हवें होतें : आधीं कोणास कळूं नये, आणि नंतर सर्वांस पडताळतां यावें. म्हणून पालकसभेच्या दिवशीं असें केलें. आदल्या दिवशीं ४७ नांवांची यादी हजेरीपटाच्या क्रमानें आणि संपूर्ण आज्ञावली सूचनाफलकावर लाविली. सभेंत बारा पालकांनीं प्रत्येकीं एक अंक चिठ्ठीवर लिहून पाकिटांत घातला. बारा पाकिटें एकदम फोडलीं आणि बसल्या क्रमानें ते अंक ओळीनें मांडले. ती बारा अंकी संख्या म्हणजे बीज. अंक तोंडीं कां सांगूं दिले नाहींत, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें. अकरा अंक ऐकल्यावर बाराव्या मनुष्यास खिशांतील यंत्रावर दहाही शक्यता करून पाहतां येतात, आणि ज्या अंकानें आपल्या मुलाचें नांव येतें तो सांगतां येतो. पाकिटांत ती सोय नाहीं.

बाराच अंक कां, तेंही सांगतों. ४७ मुलांतून १२ मुलें निवडण्याचे प्रकार ५२,२५,१४,००,८५१ आहेत. म्हणजे पांच हजार दोनशें पंचवीस कोटींहून अधिक. माझ्या पाटीवरच्या रीतीस बीजें शंभरच. तेव्हां या कोट्यवधि प्रकारांतून फार तर शंभर याद्या तिच्यांतून निघूं शकतात, बाकीच्या कधींच निघणार नाहींत. तीन अंकांचें बीज घेतलें तरी हजारच याद्या. बारा अंकांचीं बीजें एक लक्ष कोटी होतात, तीं पुष्कळ झालीं. मोठें व चांगलें यंत्र आणलें आणि त्यास बीज मात्र इवलेसें दिलें, तर यंत्राच्या चांगुलपणाचा उपयोग होत नाहीं.

बीज घातलें, बारा नांवें आलीं, बाराही निरनिराळीं. या खेपेस कोणी हंसलें नाहीं. बीज फलकावर लिहून ठेविलें आणि ज्यास इच्छा असेल त्यानें घरीं पडताळून पाहावें असें सांगितलें. खरें म्हणजे कोणी पडताळील अशी माझी कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशीं आमच्या एका विद्यार्थ्याचे थोरले बंधु शाळेंत आले. ते पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकतात. त्यांनीं नम्रपणें एक कागद पुढें केला. "सर, बीज तेच, आज्ञावली तीच, यादी तीच. पण माझ्याकडे नावं निराळी येतायत." त्यांच्या यादींत त्यांच्या धाकट्या भावाचें नांव होतें. फलकावरच्या यादींत नव्हतें. माझ्या तोंडचें पाणी पळालें. इतके दिवस मीं ज्या भाषेची थोरवी गाइली तिचा सारा आधार हाच कीं, दिलें तें तेंच तर उत्तरही तेंच. आणि येथें डोळ्यांदेखत दोन उत्तरें.

दोघांनीं मिळून संध्याकाळपर्यंत शोध केला. आज्ञावली अक्षर न् अक्षर जुळत होती. अखेरीस त्यांनींच विचारलें, "तुमच्याकडे संच कितवा आहे ?" त्यांच्या जुन्या संगणकावर 'रँडम' संचाची १.१ ही आवृत्ति होती, शाळेच्या संगणकावर २०२० नंतरची. मधल्या काळांत आंतली रीतच बदलली असल्यामुळें एकाच बीजापासून दोहोंत निराळ्या मालिका निघत होत्या. म्हणजे दिलेलें तेंच नव्हतें. संच हीही एक दिलेली गोष्ट होती आणि ती मीं फलकावर लिहिली नव्हती. शाळेच्या संगणकावर ती आवृत्ति सभेपूर्वीं पंधरा दिवस बसविल्याची तारीख होती, ती मीं त्यांस दाखविली. त्यांनीं आपल्या संगणकावर तीच आवृत्ति घेतली, पुनः बीज घातलें, आणि फलकावरचीं बारा नांवें त्याच क्रमानें आलीं. त्यांनीं आपल्या हातांतील कागद दुमडून खिशांत ठेविला आणि म्हणाले, "बरोबर आहे, सर. पण पुढच्या वेळी हे आधी लिहा."

यंदाच्या सहलीसाठीं फलकावर चार गोष्टी लागल्या आहेत : यादी, आज्ञावली, बीजासाठीं मोकळी चौकट, आणि तिच्याखालीं संचाच्या आवृत्तीचा क्रमांक. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं त्यांच्यासाठीं ग्रंथालयांतील संगणक शनिवारीं दुपारीं दोन तास मोकळा ठेविला आहे.